दार मोजायचं राहिलं

आमची गाडी जहाजाने आफ्रिकेला पाठवायची होती. एजंटाने फोनवर सांगितलं होतं, "वीस फुटी कंटेनरच्या डब्याची आतली उंची दोन मीटर एकोणचाळीस. तुमची बोलेरो आरामात उभी राहील." मी वहीत लिहून घेतलं. छतावरच्या घडीच्या तंबूसकट आमची गाडी २.३० मीटर भरत होती. म्हणजे नऊ सेंटिमीटर शिल्लक. डिसेंबर २०१८ मध्ये उरणच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या-उतरवायच्या यार्डात, प्रत्यक्ष डब्यासमोर उभा राहिलो तेव्हा कळलं की आतली उंची विचारून उपयोग नसतो. दाराच्या चौकटीची विचारावी लागते. ती असते २.२८.

बेत असा होता की मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी तीन महिने केनिया, युगांडा आणि टांझानियात आपल्याच गाडीने फिरायचं. "तिकडे भाड्याने मिळत नाही का रे?" हे घरच्यांनी इतक्या वेळा विचारलं की शेवटी मी उत्तर देणं सोडलं. मिळते. पण ती आपली नसते. या तिन्ही देशांत आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. एमएच-११ ची बोलेरो तिथे परकी वाटणार नाही, एवढा हिशोब आम्हाला पुरला.

परदेशात गाडी तात्पुरती न्यायची तर कार्नेट लागतं. गाडीचा पासपोर्टच म्हणा. आमचं चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून निघालं, बँक गॅरंटी देऊन. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग तिथलं कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरं अर्धुक आपल्याकडे राहतं आणि त्यावर दोन्ही शिक्के लागतात. एक जरी शिक्का चुकला तर गाडी त्या देशात विकली असं धरून ड्यूटी मागितली जाऊ शकते. त्यामुळे पुढे तीन महिने पैशांपेक्षा आम्ही ते पुस्तकच जास्त जपलं.

रोरो जहाजाचाही विचार केला होता. नव्या गाड्या मुंबई बंदरातून तशाच जातात, चालवत जहाजात चढवतात. पण तिथे किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते, आणि आमच्या गाडीत हत्यारं, सुटे भाग, शेगडी, अंथरूण असं सगळं बिऱ्हाड होतं. डब्याला निदान सील लागतं.

उरणला पोचायलाच अर्धा दिवस गेला. जासईपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रेलरच ट्रेलर. सीएफएसमध्ये शिरलो आणि पहिला दणका कागदाने दिला. कस्टम्सचे साहेब चासी नंबर तपासायला आले. फ्रेमवर साताऱ्याची लाल माती चिकटलेली होती, ती डिझेलच्या फडक्याने पुसली, टॉर्च धरला. साहेबांनी एकेक अक्षर वाचलं आणि मान हलवली. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, एका शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला होता. आरसीवर बरोबर, कार्नेटवर बरोबर, फक्त एजंटाच्या ऑफिसातल्या टायपिंगमध्ये चूक. चासी नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं मुळातच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणूनच. हे रोज हेच काम करणाऱ्या माणसाला माहीत असावं अशी माझी अपेक्षा होती. दुरुस्तीत एक दिवस गेला, आणि बिलात 'अमेंडमेंट चार्जेस' म्हणून तो आमच्याच माथी आला. पनवेलच्या लॉजवर त्या रात्री मावसभाऊ फार काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टफिंग, म्हणजे गाडी डब्यात भरणं. डबा जमिनीवर उतरवलेला होता, उंबरठा वीतभर उंच, त्याला दोन लोखंडी फळ्या लावलेल्या. मुकादम पन्नाशीचे, तिथल्याच गावचे. त्यांनी गाडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि टेप न काढताच म्हणाले, "दादा, तंबू अडणार."

मी वही काढून दोन एकोणचाळीसचा आकडा दाखवला. ते हसले. दाराच्या वरच्या आडव्या लोखंडी तुळईवर हात ठेवून म्हणाले, "हे कोण मोजणार?"

तंबू काढायचा तर आठ बोल्ट, आणि खालच्या बाजूचे दोन गंजलेले. शिवाय तो ठेवायचा कुठे? गाडीत जागा नव्हती. मुकादम म्हणाले, "हवा काढा ना टायरातली." चारी चाकांतली हवा इतकी सोडली की टायर रिमखाली पसरले. मग दोन जाडजूड गडी मागच्या पायरीवर उभे केले, पाटे अजून जरा दबावेत म्हणून. गाडी चालवायला त्यांचाच एक सडपातळ पोरगा बसला. पहिल्या गिअरमध्ये, इंचाइंचाने. मुकादम दाराच्या बाजूला शिडीवर, तंबूचं कव्हर आणि तुळई यांच्यामध्ये स्वतःचं बोट आडवं धरून. बोट सरकत राहिलं तोवर "येऊ दे". एकदा थांबलं. मागच्या दोघांना त्यांनी नुसती खूण केली, दोघांनी एकदम गुडघे वाकवून जोर दिला, आणि गाडी आत.

आता पोराने बाहेर यायचं कसं? बोलेरोची रुंदी १७४५ मिलिमीटर, दाराची २.३४ मीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम तीस-तीस सेंटिमीटर उरतात. दार किलकिलं होतं, माणूस मावत नाही. पोरगा सीटांवरून, आमच्या अंथरुणावरून रांगत मागच्या दाराने बाहेर आला. मग तोच पोट आत ओढून पत्र्याला घासत पुढे गेला, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि तिला चिकटपट्टी गुंडाळली. डिझेल आधीच पाव टाकीवर आणलं होतं. धोकादायक मालाच्या नियमांत वाहनांची वेगळी नोंद आहे, पण डिझेल गाडीला गळती नसेल आणि बॅटरीचं शॉर्टसर्किट होणार नाही अशी सोय असेल तर तिला त्यातून सूट मिळते. तरी जहाज कंपनीने लेखी मागितलंच.

सगळ्यात जास्त वेळ लॅशिंगला, म्हणजे गाडी पट्ट्यांनी बांधायला लागला, आणि मला सगळ्यात जास्त तेच बघायला आवडलं. मी टो-हुकला पट्टा बांधायला निघालो होतो. मुकादमांनी हात धरला. गाडीची बॉडी स्प्रिंगवर असते. जहाज हललं की बॉडी दबते, उठते, आणि दबली की पट्टा ढिला पडतो. असं दहा दिवस चाललं की पट्टा नुसता लोंबकळतो. चाक मात्र जमिनीला टेकलेलं असतं, ते वरखाली होत नाही. म्हणून पट्टे चाकांतून घेतले. प्रत्येक चाकाला एक, तिरके ओढून डब्याच्या तळाशी असलेल्या कड्यांत अडकवले. अशी प्रत्येक कडी किमान एक टन ओढ सोसेल अशी असते. रॅचेट कसताना पट्टा तारेसारखा वाजायला लागला की ते थांबत.

मग चाकांच्या पुढे-मागे लाकडी गुटके. डब्याचा तळ प्लायवूडचा असतो, त्यात सरळ खिळे ठोकतात. एका गड्याने बाहेरून आंब्याचे ओंडके उचलून आणले, ते मुकादमांनी परत पाठवले. परदेशात जाणाऱ्या मालाचं लाकूड भट्टीत तापवलेलं किंवा धुरी दिलेलं लागतं, कीड जाऊ नये म्हणून. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. तो नसेल तर पलीकडचे लोक डबा अडवू शकतात. शिक्क्याचे गुटके आले, ठोकले. पहिला गिअर, हँडब्रेक, आत दमटपणा शोषणाऱ्या दोन पिशव्या टांगल्या, फोटो काढले, दार बंद.

सील लागलं तेव्हा साडेपाच वाजले होते. वजनाचं काम सोपं निघालं. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं खरं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. गाडीचा काटा आधीच केला होता, त्यात गुटके-पट्टे आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन मिळवलं, झालं. मुकादमांना मी चहासाठी पैसे देऊ केले. त्यांनी गड्यांकडे बोट दाखवलं.

मोंबासाला आम्ही विमानाने गेलो, डबा आमच्यानंतर नऊ दिवसांनी आला. त्या नऊ दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. 'केशो', म्हणजे उद्या, हा स्वाहिली शब्द तेवढा पाठ झाला.

उतरवण्याच्या दिवशी मी कार्नेटवर शिक्का घ्यायला कस्टम्सच्या खिडकीपाशी अडकलो आणि मावसभाऊ यार्डात होता. इथे डबा ट्रेलरवरच ठेवला होता, तळ जमिनीपासून दीड मीटर वर. त्याच्या दाराला पाठ लावून एक रिकव्हरी ट्रक उभा केला होता, मधे लोखंडी पट्ट्यांचा उतार. मी धावत पोचलो तर पट्टे सोडलेले, गुटके उपटलेले, आणि एक भला माणूस छोटा कॉम्प्रेसर घेऊन मागच्या चाकांत हवा भरत होता. टायर बसलेले पाहून त्याला दया आली होती. मावसभाऊ शेजारी उभा राहून त्याला पाणी देत होता.

"अरे, थांबव त्याला!" मी मराठीत ओरडलो. दोघांनी वर पाहिलं. मी तंबूकडे आणि तुळईकडे हात केला, मग माझं बोट आडवं धरलं. त्या माणसाला एका क्षणात कळलं, आणि तो इतका हसला की कॉम्प्रेसर खाली ठेवावा लागला. भरलेली हवा पुन्हा सोडली. तरी मुकादमांची सफाई इथे नव्हती, निघताना कव्हर तुळईला घासलंच. हातभर फाटलं.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून मला विचारायला लागला, "गारी याको?" मला वाटलं तो मराठी बोलतोय. नंतर कळलं की स्वाहिलीत गाडीला 'गारी'च म्हणतात, शब्द आपल्याकडूनच समुद्रापलीकडे गेलेला. "हो, माझीच," मी म्हणालो.

परतीचं स्टफिंग दार-एस-सलामला झालं. तिथे पोचायच्या आदल्या दिवशीच आम्ही तंबूचे आठही बोल्ट काढले. गंजलेले दोन करवतीने कापावे लागले. मोंबासाच्या यार्डातून उचललेला एक गुटका, लोंबीचा शिक्का आणि मुकादमांच्या खिळ्यांची चार भोकं असलेला, अजून बोलेरोच्या सीटखाली असतो. यवतेश्वर घाटात पंक्चर झाली की चाकामागे तोच लावतो.