माताजींच्या चौक्याचा उंबरठा

सचखंड एक्सप्रेस संभाजीनगरला थांबली तेव्हा आमच्या डब्यातली एकच बाई जेवायला उठली नाही.

बाकी सगळे दाराशी. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या या गाडीला वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर लंगर येतो हे मराठवाड्यात लहान पोरांनाही माहीत असतं. सराईत प्रवासी घरून ताट-वाटी घेऊनच निघतात. फलाटावर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात, गाडी थांबली की डब्याडब्यापाशी धावतात. स्लीपरवाला कोण, जनरलवाला कोण, शीख कोण, कुणी विचारत नाही. मला त्या दिवशी भात, कढी आणि बटाट्याची रसभाजी मिळाली. गाडी सुटायच्या आत वाढून व्हावं म्हणून धावपळ करणारा तो विशीतला मुलगा प्रत्येकाला वाढताना ‘वाहेगुरू’ म्हणत होता. एवढ्या घाईतही त्याने ते एकदाही गाळलं नाही.

समोरच्या बाकावरच्या बाई मात्र खिडकीला टेकून बसलेल्या. साठीच्या पुढच्या. पांढरा सलवार-कमीज, अंगावर तिरक्या पट्ट्यात कृपाण, आणि डोक्यावर ओढणीच्या आत घट्ट बांधलेली छोटी निळी पगडी. तिला केसकी म्हणतात. फलाटावरची गर्दी सरल्यावर त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेला लोखंडी वाडगा काढला, लोखंडी पेला काढला. डोळे मिटून, हात जोडून अरदास, म्हणजे प्रार्थना, केली आणि स्वतः केलेले पराठे शांतपणे खाल्ले. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं, लोखंडी पेल्यात ओतून.

मला राग आला, तो का आला हेही सांगते. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ती चुलीपाशी असताना आम्ही नातवंडं उंबऱ्याबाहेर. घरात काम करणाऱ्या मावशींना तर माजघराच्या पुढे यायची सोयच नव्हती, त्यांचा कप वेगळा, फडताळात वेगळा ठेवलेला. तो कप मी आयुष्यभर विसरलेले नाही. शिखांच्या लंगरबद्दल मला लहानपणापासून जी ओढ वाटते ती त्या कपामुळे. आणि इथे, लंगर दारात आलेला असताना, एक शीख बाई स्वतःचं वेगळं भांडं काढून बसली होती.

‘पुत्तर, परशादा छकलास का?’ म्हणजे जेवलीस का, असं त्यांनीच विचारलं. मग बोलणं सुरू झालं ते रात्री भोपाळ मागे पडेपर्यंत.

त्या सरबलोह बिबेक पाळतात. सगळं रांधणं, वाढणं, खाणं निव्वळ लोखंडाच्या भांड्यात, आणि अन्न फक्त अमृतधारी व्यक्तीच्या हातचं, म्हणजे जिने खंड्याची पाहुल (दुधारी खड्गाने घोटलेलं अमृत) घेऊन खालशाची दीक्षा स्वीकारली आहे तिच्याच. हे सगळे शीख पाळत नाहीत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, बिगर-अमृतधारीचं उष्टं खाऊ नये असं आहे, पण स्वयंपाक कोणी करावा याची अशी अट नाही. निहंग या लढवय्या शिखांच्या दलांमध्ये आणि अखंड कीर्तनी जथा या शीख गटात ही रीत घट्ट आहे. या बाई, म्हणजे माताजी, जथ्यातल्या. ज्यांच्या प्रेरणेने तो जथा उभा राहिला ते भाई रणधीर सिंग ब्रिटिशांविरुद्धच्या गदरच्या लढ्यातले कैदी. जेलमधलं अन्न बिबेकात बसत नाही म्हणून त्यांनी मुलतानच्या तुरुंगात उपोषण केलं होतं. १९३० साली सुटण्याआधी लाहोरच्या तुरुंगात त्यांची भगतसिंगांशी भेट झाली होती. हे सांगताना माताजींचा आवाज घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला.

उतरताना त्यांनी पत्ता दिला. तरनतारनच्या रस्त्यावरचं गाव. ‘आली नाहीस तर वाईट वाटेल मला.’

अमृतसरमध्ये जालियनवाला बाग पाहिली, वाघा सीमेवरचा कार्यक्रम पाहिला. वाघ्याला एवढा कर्णकर्कश आरडाओरडा आहे की मी पुन्हा जाणार नाही. दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, जवळची हॉटेलं महाग आणि कोंदट. थंडी मात्र सुंदर होती, जानेवारी संपत आलेला.

आता गावाबद्दल.

मी पोचले तेव्हा माताजी अंगणात भांडी पुसत होत्या. लोखंडाचं हेच मोठं काम. धुऊन तशीच ठेवली तर तासाभरात गंज धरतो, म्हणून प्रत्येक भांडं धुतलं की लगेच कोरडं करायचं, चुलीवर धरायचं, तेलाचा हात फिरवायचा. हे दिवसातून जितक्यांदा रांधाल तितक्यांदा. आमच्याकडे मेथीची भाजी लोखंडी कढईत केली की काळपट होते आणि तिला चव येते, तेवढंच मला ठाऊक होतं. इथे सागही काळा, दूधही करडं, डाळही काळसर. पाहुण्यांना तो रंग विचित्र वाटतो असं त्या म्हणाल्या. मला नाही वाटला. सरसोंच्या सागाला तो गडद रंग शोभतो.

त्यांचा दिवस पहाटे तीनच्या सुमाराला सुरू होतो. आधी केसांवरून अंघोळ, मग जपुजी, जाप, सवैये. संध्याकाळी रहरास, निजताना सोहिला. यातली एकही बाणी, म्हणजे नेमाचा पाठ, चुकत नाही. स्वयंपाकघराला त्या चौका म्हणतात. आत जायचं तर हात, पाय, तोंड धुवायचं, डोकं झाकलेलं असायलाच हवं. कणीक तिंबताना ओठ हलत असतात, गुरबाणी चालू असते, आणि त्या वेळी गप्पा नाहीत. मीठ बरोबर आहे का हे चाखून पाहत नाहीत. आपल्याकडे नैवेद्याआधी चाखत नाहीत, तसंच. फक्त इथे रोजची साधी मसुरीची डाळसुद्धा त्याच भावनेने शिजते. सणवार नाही, पाहुणा नाही, तरी तसंच.

मी ओढणी डोक्यावर घेतली, हातपाय धुतले आणि पोळपाटाकडे वळले. आपल्याकडे पाहुणी आली तरी दोन पोळ्या लाटू लागतेच. माताजी मध्ये आल्या. हात लावला नाही, नुसत्या मध्ये उभ्या राहिल्या. ‘पुत्तर, तू बस. बाहेर मंजीवर बस, ऊन छान आहे.’

मी उंबऱ्याबाहेर बाजेवर बसले. तो कप डोळ्यांसमोर आला. मला खरोखर रडू येत होतं आणि सागाचा वास येत होता.

त्यांनी मला आधी वाढलं. लोखंडी थाळीत, पहिला परशादा माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. शीख लोक पोळीला आदराने परशादा म्हणतात, ती ताटात टाकत नाहीत, ओंजळ करून घ्यायची असते. मी जेवले. त्या मी जेवून होईपर्यंत उभ्या. मग मी सरळ विचारलं, ‘माताजी, मी लाटलेल्या पोळीत काय बिघडलं असतं?’

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी जसं समजले तसं लिहिते.

म्हणाल्या, आमच्या गावात गुरुद्वारे दोन आहेत. एक जाटांचा, एक मजहबींचा, म्हणजे दलित शिखांचा. गुरूने हे सांगितलं नव्हतं, पण आहे. पंजाबात अशी गावं खूप आहेत. (हे मला नंतर अमृतसरमध्येही दोघा-तिघांनी मान खाली घालून कबूल केलं.) माझी सख्खी जाऊ शेजारच्या घरात राहते, जाट, आमच्याच घराण्यातली. तिने अमृत घेतलेलं नाही. ती या चौक्यात येत नाही. आणि रोज दुपारी एक मजहबी बीबी येते, तिने माझ्याबरोबरच अमृत छकलं, ती माझे परशादे लाटते, मी तिचे लाटते. गावाने आधी मला नावं ठेवली. जाऊबाई दोन वर्षं बोलत नव्हत्या.

मी गप्प झाले.

मग त्यांनी १६९९च्या वैशाखीची गोष्ट सांगितली, आनंदपूरची. आपल्याला शाळेत ती शौर्याची गोष्ट म्हणून सांगतात. त्यांनी ती स्वयंपाकघराची गोष्ट म्हणून सांगितली. गुरू गोविंदसिंगांनी डोकं मागितलं तेव्हा उभे राहिलेले पाच जण: लाहोरचे दयासिंग खत्री, हस्तिनापूरचे धर्मसिंग जाट, जगन्नाथपुरीचे हिंमतसिंग पाणक्ये, द्वारकेचे मोहकमसिंग छिंबा, बिदरचे साहिबसिंग न्हावी. लोखंडी बाट्यात, म्हणजे वाडग्यात, पाणी, त्यात पतासे, दुधारी खंड्याने घोटलेलं. पाचही जण त्याच बाट्यातून प्यायले. आणि मग गुरूने त्यांच्यापुढे हात जोडून त्यांच्याकडून तेच मागून घेतलं. ‘खत्री न्हाव्याच्या भांड्यातून प्याला, पुत्तर. त्या काळात. तेव्हापासून आमचं भांडं लोखंडाचं.’

छिंबा म्हणजे कापड छापणारे, शिवणारे. आपल्या नामदेवांना पंजाबात छिंबाच म्हणतात. नामदेव शिंप्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, माताजींना त्यातली कितीतरी पाठ होती आणि त्या ती पदं म्हणताना ‘भगत नामदेव जी’ एवढ्या आदराने म्हणत की नामदेवांच्या गावाचं, नरसीचं, नाव घ्यायलाही मला थांबावं लागलं.

तरी माझं समाधान झालेलं नाही, आणि मी ते माताजींनाही सांगितलं. जन्माने कुणाला बाहेर ठेवत नाहीत, जो अमृत घेईल तो आत, हे मला समजलं. माझ्या आजीच्या सोवळ्यात मावशींना आत यायला कुठलाच रस्ता नव्हता, इथे आहे. हा फरक फार मोठा आहे. पण ज्या बाईला गुरूवर प्रेम आहे आणि तरी दीक्षा घ्यायची नाही, तिने कायम बाजेवर बसायचं? माता खीवींचं नाव गुरू ग्रंथ साहिबात आलं आहे ते त्यांच्या लंगरातल्या तूप घातलेल्या खिरीसह. दुसऱ्या गुरूंची पत्नी, आणि तिची ओळख काय, तर तिची खीर सगळ्यांना मिळत होती. मला तो धर्म जास्त जवळचा वाटतो. माताजी यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ही शिस्त माझ्या जिभेला आहे. तुझ्या जिभेला मी कधी काही सांगितलं का?’ नव्हतं सांगितलं, हे खरं. मी मुक्कामाला होते तोवर एकदाही त्यांनी मला काय खाऊ, काय नको, हे सुचवलं नाही.

निघायच्या आदल्या पहाटे मी दरबार साहिबच्या लंगरात गेले, मुद्दाम पोळ्या लाटायला. रोज पन्नास हजारांवर माणसं तिथे जेवतात, सणाला लाखाच्या घरात जातात. पोळ्यांची यंत्रंही आहेत, पण हातांचं काम थांबत नाही. बायकांच्या ओळी बसलेल्या. कुणीतरी सरकलं, माझ्यापुढे कणकेचे गोळे आले, लाटणं आलं. नाव नाही, गाव नाही, अमृतधारी आहेस का हेही कुणी विचारलं नाही. फक्त डोक्यावरची ओढणी सरकली तेव्हा शेजारच्या बाईंनी कणकेचा हात लागू नये म्हणून कोपराने ती पुढे ओढली आणि पुन्हा लाटू लागल्या. माझ्या पोळ्या त्यांच्याइतक्या गोल नव्हत्या, त्याही त्याच भल्यामोठ्या तव्यावर गेल्या, लांब दांड्याच्या उलथन्याने उलटल्या गेल्या, तुपाचा हात फिरला आणि टोपल्यात पडल्या. त्या कुणाच्या ओंजळीत पडतील हे कुणालाच कळणार नव्हतं.

तिथे एका गोष्टीची मात्र मनापासून तक्रार आहे. लंगरमध्ये फोन धरून आकडे सांगत फिरणारे लोक. किती क्विंटल पीठ, किती डाळ, आणि ‘सगळं फुकट’. ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात घास असताना त्याच्यासमोर कॅमेरा धरतात. ते फुकट नाही. कुणाच्या तरी कमाईतला दसवंध, दहावा हिस्सा, त्यात आहे, आणि पहाटे चारला लसूण सोलणाऱ्या माणसांची झोप त्यात आहे. जायचं असेल तर फोन बंद करून लसूण सोलायला बसा, जागा नेहमी असते.

लाटताना मी शेजारच्या बाईंना माताजींच्या चौक्याबद्दल विचारलं. त्या बटाल्याच्या, शिक्षिका होत्या. म्हणाल्या, त्यांच्या आजी तसंच पाळायच्या, त्या स्वतः पाळत नाहीत. ‘पण नितनेम, रोजच्या बाण्यांचा पाठ, मी सोडलेला नाही. आजीचं तेवढं उरलं.’ मग हसून म्हणाल्या, बोलू नकोस, पोळी जाड होतेय.

घुमान राहिलं याची हळहळ आहे. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव नामदेवांचं मानतात, तिथला मेळा पंजाबी पंचांगाच्या माघात असतो आणि मी पोचले तेव्हा तो होऊन गेला होता. माताजींना फोनवर म्हटलं, पुढच्या माघात मी येते, तुम्हीही चला. त्या लगेच तयार झाल्या. त्यांची मजहबी मैत्रीणही येणार आहे, दोघींचा स्वयंपाक ती करेल, आणि मी लंगरात जेवेन.