‘इतर गोरे’ रकान्यातला गोंयकार

इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये गोव्याची माणसं एवढ्या संख्येनं आहेत हे इथे नोकरीला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटपूर्वी हजारो लोक इंग्लंडात आले आणि गोदामांत, कारखान्यांत कामाला लागले. मी मूळची वेंगुर्ल्याची, इथे एका जीपी प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, क्लिनिकल फार्मासिस्ट. घरच्यांना अजून वाटतं मी काउंटरवर गोळ्या देते. गोळी माझ्या हातात येतच नाही. येतात ते रक्ताचे रिपोर्ट, आणि कुणाचा डोस वाढवायचा, कुणाचा थांबवायचा याचे निर्णय.

त्या दिवशी मेथोट्रेक्सेटवाल्यांची यादी होती. रुमॅटॉइड संधिवाताचं हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर माणूस मरू शकतो. त्यामुळे दर तीन महिन्यांनी पांढऱ्या पेशी, लिव्हर, किडनी बघितल्याशिवाय पुढचं प्रिस्क्रिप्शन सुटत नाही. दुपारचे पेशंट पंचावन्न वर्षांचे, गोदामात रात्रपाळी करणारे. नोंदीत लिहिलेलं: पोर्तुगीज, दुभाषा आवश्यक. फोनवर पोर्तुगीज दुभाषी बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी अत्यंत अदबीनं काहीतरी विचारलं. समोरचे गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, “बाय, ही कितें म्हणटा? हांव गोंयचो.”

दुभाषीबाईंचे आभार मानून फोन ठेवला. पुढचं सगळं त्यांच्या कोंकणीत आणि माझ्या मालवणीत.

त्यांनी हात टेबलावर ठेवले. बोटांच्या मुळाशी दोन्हीकडे सूज, कातडी ताणून चकचकीत झालेली. लग्नाची अंगठी गळ्यातल्या साखळीत, क्रुसाशेजारी. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांनी मनगटात धरून दातांनी फिरवलं, इतक्या सराईतपणे की ते काही वेगळं करताहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. सीआरपी आला होता ३८. सांध्यांतली जळजळ (इन्फ्लमेशन) रक्तात सांगावा धाडते आणि लिव्हर हे प्रथिन ओतायला लागतं. निरोगी माणसात हा आकडा ५ च्या आत असतो. औषध पुरेसं पडत नव्हतं, एवढं उघड होतं. संधिवात विभागाला पत्र लिहिलं.

पण माझं लक्ष कोलेस्टेरॉलवर गेलं. ४.१, भारतातल्या मापात १६० च्या आसपास. शेजारी आमच्याच एका डॉक्टरांचा शेरा: ‘नॉर्मल, काही करणे नको’. हृदयविकाराचा दहा वर्षांतला धोका ८ टक्के. इथे १० ला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देऊ करायची, म्हणजे विषय संपला.

या शेऱ्याची मला चीड येते. संधिवात भडकलेला असताना कोलेस्टेरॉल खाली येतं. आजार आटोक्यात आला की परत चढतं. म्हणजे धमन्यांना सर्वांत जास्त धोका असतो तेव्हाच रिपोर्ट सर्वांत देखणा दिसतो. शेरा मारायला चार सेकंद लागतात आणि पुढची पाच वर्षं तो कुणी उघडून बघत नाही.

मी त्या ८ टक्क्यांचा हिशेब उघडला. त्यासाठी आमच्याकडे क्यूरिस्क-३ नावाचं सूत्र वापरतात. त्यात संधिवाताला एक टिक आहे, ती होती. आहे किंवा नाही, एवढंच. शांत झालेला आजार आणि सीआरपी ३८ चा भडका, दोन्हींना तेच वजन. आणि वंशाच्या रकान्यात होतं ‘इतर गोरे’. रिसेप्शनवर कुणीतरी पासपोर्ट बघितला असणार, माणूस बघितला नसणार.

त्यांना विचारून ‘भारतीय’ केलं. आकडा १० च्या वर गेला.

तेव्हापासून मी यावर विचार करते आहे. माणूस तोच, रक्त तेच, कंबर तीच. त्या सूत्रात भारतीय पुरुष म्हटलं की अंदाज तिसेक टक्क्यांनी वर सरकतो, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी म्हटलं की आणखी वर. चिनी, आफ्रिकन, कॅरिबियन म्हटलं की खाली. का, ते सूत्र सांगत नाही. जळजळ हे उत्तर सोपं वाटतं. कॅनडात चार समाजांचा सीआरपी मोजला तेव्हा तिथल्या आदिवासींचा सर्वांत जास्त, मग दक्षिण आशियाई, मग युरोपीय वंशाचे, चिनी सर्वांत कमी. छान जुळतं. पण अमेरिकेत डॅलसला कृष्णवर्णीयांचा सीआरपी गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला, आणि आमचं ब्रिटिश सूत्र त्यांनाच कमी धोका देतं. जुळलेलं विसकटतं. २००१ मध्ये लंडनच्या भारतीयांत सीआरपी गोऱ्यांपेक्षा १७ टक्के जास्त सापडला होता. त्या फरकाचं मूळ मुख्यतः पोटाच्या चरबीत आणि इन्सुलिनला दाद न देण्यात निघालं. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिनांचा एकत्र काढलेला एक गाजलेला फोटो आहे: दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

म्हणून टेप काढली. माझ्या पेशंटचा बीएमआय २४, कंबर ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला मर्यादा ९०. हा ९६ सूत्रात भरायला जागाच नाही. जे मोजता येतं ते विचारायचं नाही आणि कुळाचा रकाना मात्र भरायचा, हा कुठला न्याय? अमेरिकेनं २०२३ च्या नव्या सूत्रातून वंश काढूनच टाकला. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण त्या दुपारी त्याच रकान्यानं माझं काम केलं, हेही खरं.

गोळीचं नाव काढल्यावर ते गृहस्थ हसले. “बाय, काळीज घट आसा म्हजें. कोलेस्टेरॉल नॉर्मल म्हणलां दोतोरान.” मी दोन्ही आकडे दाखवले, जळजळ धमनीच्या भिंतीतही चालू असते हे सांगितलं. ॲटोर्वास्टॅटिन २० वर ते तयार झाले, ते माझ्या शास्त्रामुळे की मालवणीमुळे, कोण जाणे.

नंतर मी मॅनेजरकडे गेले: पोर्तुगीज पासपोर्टवाल्या सगळ्यांचा हा रकाना तपासू या. बाईंचं म्हणणं, वंश पेशंटनं स्वतः सांगायचा असतो, आपण बदलायचा नाही. नियम बरोबर आहे. मेसेज पाठवले. बऱ्याच जणांनी ‘भारतीय’ कळवलं. एका काकांनी फोन करून झापलं: आम्ही पोर्तुगीज, तुम्ही कोण आम्हाला भारतीय करणार? त्यांचा रकाना तसाच आहे. कंबर मोजायला बोलावलंय, अजून आलेले नाहीत.

त्या गृहस्थांना आता संधिवातावरचं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू होतंय. सीआरपी उतरेल, त्यासोबत कोलेस्टेरॉल वर ढकललं जाईल, आणि कुणीतरी ‘स्टॅटिन लागू पडत नाही’ असा शेरा मारेल. फाईलच्या माथ्यावर लाल अक्षरांत टीप लिहून ठेवली आहे: डोस बदलण्याआधी सीआरपी बघा, आणि दुभाषा कोंकणी.