तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच मॉडेलचे दोन व्हॅक्यूम क्लीनर कशाला?

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या माळ्यावरून किंवा अंबड लिंक रोडच्या भंगारातून आलेले जुने व्हॅक्यूम क्लीनर संग्रहात ओळीनं मांडलेले दिसले की प्रश्न ठरलेला: "हे दोन्ही तर सारखेच दिसतात, मग दोन कशाला?" त्याला जोडून दुसरा: "चालतात का?"

सारखे दिसतात, पण सारखे नसतात. कंपनी मॉडेलचा नंबर तोच ठेवते आणि आतली मोटर, बेअरिंग, स्विच, पिशवीचा चिमटा गुपचूप बदलते. कधी स्वस्त पडावं म्हणून, कधी आधीचा भाग वारंवार मोडत होता म्हणून. दोन यंत्रं शेजारी उघडली तरच हा बदल कळतो. ते चालतात का, हेही त्यातच ठरतं, कारण एकाचा भाग दुसऱ्यात बसेल असं गृहीत धरलं की बिघाड ओढवतो.

आधी नेमप्लेट वाचा. ब्रिटिश यंत्रांवर बऱ्याचदा 200-220 किंवा 230-250 असा व्होल्टचा पट्टा छापलेला असतो, पुढे एसी-डीसी. मॉडेल एकच, वाइंडिंग (मोटरीतलं तारेचं वेटोळं) वेगळं. यात युनिव्हर्सल मोटर असते, म्हणजे फील्ड (स्थिर वेटोळं) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) सिरीजमध्ये, मधे वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे. म्हणून ती एसीवर चालते तशी डीसीवरही चालते आणि 50 की 60 हर्ट्झ याचं तिला काही पडलेलं नसतं. व्होल्टचं मात्र पडलेलं असतं. 200-220 वालं यंत्र आपल्या 230 वर चालतं, पण जास्त तापतं. अमेरिकन यंत्र 110 ते 120 व्होल्टचं. ते थेट आपल्या प्लगात लावलं तर करंट दुपटीच्या आसपास जातो, म्हणजे उष्णता चौपट, आणि आर्मेचर बघता बघता जळतं. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. 500 वॉटच्या यंत्राला 500 व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीचं माप) घेऊ नका, 1000 चा घ्या. मोटर सुरू होताना जो झटका घेते त्यात लहान ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

प्लेट रिवेट मारून बसवली आहे की चिकटवली आहे, हेही बघा. रिवेट ताजे, चकचकीत दिसले तर प्लेट दुसऱ्या यंत्रावरून आलेली असू शकते. प्लेट खरी की बदललेली, हे आटे सांगतात. जुन्या ब्रिटिश यंत्रांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाच्या आट्यांचे स्क्रू असतात, युरोपातल्या यंत्रांत मेट्रिक. 0 बीए आणि एम6 दोघेही 6 मिमीचे, दोघांचा पिच (लगतच्या आट्यांमधलं अंतर) 1 मिमी, त्यामुळे चार-पाच फेरे निमूट आत जातात. पण आट्यांचा कोन वेगळा, बीएचा साडेसत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा साठ. जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतले आटे उडतात. 2 बीए 4.7 मिमीचा असतो, त्याच्या भोकात एम5 ढकललात तर भोक कायमचं गेलं. बीएच्या भोकात मेट्रिक स्क्रू सापडला तर आधीच कुणीतरी यंत्र उघडलंय, हे नक्की समजा.

वायरचे रंगही काळ सांगतात. ब्रिटिश वायरीत पूर्वी लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. 1970 च्या सुमारास तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी आली. जुन्या जर्मन वायरीत मात्र लाल म्हणजे अर्थ असायची. आपल्या सवयीनं लाल फेजला जोडली की यंत्राची अख्खी धातूची बॉडी जिवंत होते. म्हणून जर्मन यंत्राची वायर रंगावर विश्वासून जोडूच नये. प्रत्येक टोक मल्टिमीटरनं शोधावं. दोनच तारांची धातूची बॉडी असेल तर तीन तारांची केबल घालून बॉडीला अर्थ द्या आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय चालवू नका.

आता हवेचा रस्ता. मला स्वतःला सगळ्यात रस इथेच वाटतो. ओहायोतल्या जेम्स स्पॅंगलरला 1908 मध्ये पेटंट मिळालं आणि ते हूवरकडे गेलं. त्या उभ्या यंत्रांच्या घराण्यात कचरा आधी पंख्यातून जातो, मग पिशवीत. 1921 च्या इलेक्ट्रोलक्स मॉडेल पाचमध्ये, जमिनीवर पट्ट्यांवर सरकणाऱ्या त्या नळकांड्यात, पिशवी आधी आणि पंखा नंतर. पहिल्या पद्धतीत खडा, नाणं, टाचणी पंख्याच्या पात्यावर आपटते, म्हणून तसं यंत्र घेताना तळ उघडून पातं बोटानं चाचपून बघावंच. एखाद्या पात्याचा टवका गेला तर यंत्र थरथरतं आणि बेअरिंग खातं. हूवरच्या 1926 च्या मॉडेल 700 मध्ये गालिच्यावर ठोके देणारी दांडी आली. ती फिरवणारा रबरी पट्टा आजही सगळ्यात आधी दगा देतो: सैल झाला की दांडी थांबते आणि जळक्या रबराचा वास येतो, फार आवळून बसवला तर दांडीच्या बाजूची बेअरिंग जातात. 1950 च्या दशकातलं हूवरचं गोल कॉन्स्टेलेशन आधी जमिनीवर सरळ बसायचं, बाहेर जाणाऱ्या हवेवर तरंगणारं नंतर आलं. तरंगणाऱ्याची मधली सीलरिंग कडक झाली असेल तर हवा बाजूनं निसटते आणि ते गुळगुळीत फरशीवरही उचललं जात नाही.

कुठल्याही यंत्राला प्लग लावायच्या आधी हातानं पंखा फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग. बऱ्याच मोटरींत 608 बसतं, 8 मिमी आतून, 22 बाहेरून, 7 रुंद, आणि ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. खूप जुन्यात पितळी बुश आणि तेलाची नमदी वात असते. तिथे दोन-तीन थेंब पातळ मशीन ऑइल द्या, ग्रीस नको. मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) बॉडी आणि वाइंडिंगमधला रोध मोजा. एक मेगओमच्या खाली आला तर वाइंडिंग दमट आहे किंवा गेलंय. दमट असेल तर उन्हात किंवा 60 वॉटच्या बल्बच्या उबेत दिवसभर ठेवा आणि परत मोजा.

मगच सिरीज बल्ब, म्हणजे यंत्राच्या वाटेत जोडलेला बल्ब. 100 वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब घ्या. एलईडी इथे कामाचा नाही. मोटर ठीक असेल तर बल्ब आधी चांगला पेटतो, आर्मेचर फिरू लागलं की मंदावतो. भरून पेटलेलाच राहिला आणि मोटर हललीच नाही, तर जाम किंवा शॉर्ट. मुळीच पेटला नाही तर बहुतेक कार्बन टेकत नाहीत. कार्बन काढताना कोणता कुठल्या बाजूचा आणि वरची कड कुठली, ही खूण करा, कारण त्याचं टोक कम्युटेटरच्या (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) गोलाईवर झिजलेलं असतं. उलटा घातला की ठिणग्या वाढतात. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला तर जोडी बदला, एकच नको. नवा कार्बन त्याच्या खाचेत आपोआप घसरला पाहिजे. अडकत असेल तर बाजू बारीक काचपेपरवर घासा. कम्युटेटरला मात्र एमरी पेपर लावू नका, तिचे कण तांब्यात आणि कार्बनमध्ये रुततात. आणि तांब्यावरची चॉकलेटी झाक घासून काढू नका, ती चांगली असते. एक-दोन पट्ट्याच काळ्या जळलेल्या दिसल्या तर आर्मेचरमध्ये तार तुटलेली असू शकते. ते काम सातपूर किंवा अंबडच्या रिवाइंडिंगवाल्याचं. आत फेज आणि न्यूट्रलच्या मधे कागदी कॅपॅसिटर असेल तर काढून टाका, जागी 0.1 मायक्रोफॅरॅडचा एक्स2 वर्गाचा (दोन तारांमध्ये बसवायचा सुरक्षित प्रकार) बसवा. जुना फुटला की धूर करतो.

दोन यंत्रांची ओढ तोलायला गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. सहा फुटी फळीवर यू आकारात बांधा, अर्धी रंगीत पाण्यानं भरा, एक टोक यंत्राच्या होजला घट्ट जोडा. मधे एक रिकामी बाटली ठेवा, नाहीतर पाणी थेट मोटरीत जाईल. दोन पातळ्यांतला फरक एक मीटर म्हणजे सुमारे 9.8 किलोपास्कल. डिमरस्टॅट (व्होल्ट कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून दोघांनाही नेमके 230 व्होल्ट द्या, कारण आपल्याकडची लाइन दिवसभर वरखाली होते आणि सिरीज मोटरचा वेग व्होल्टबरोबर बदलतो. तोंड पूर्ण बंद केलं की आवाज चढतो. लोकांना वाटतं मोटरीवर ताण आला, पण उलट आहे: हवा नाही म्हणून पंखा मोकळा होतो, वेग वाढतो. धोका दुसराच. पिशवी आधी असलेल्या बहुतेक जुन्या यंत्रांत शोषलेली हवाच मोटर थंड करते. म्हणून चाचणी पाच-सात सेकंदांत आटपा. थंड करायला वेगळा पंखा असलेली मोटर ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या यंत्रांत असते, आणि तीच अदलाबदलीत जास्त फसवते. बाहेरून मापं जुळतात, पण हवेची वाट बंद राहते.

नाशिकच्या पावसाळ्यात कापडी पिशवीला बुरशी येते. ती धुऊ नका; विणीत बसलेली बारीक माती चिकटून हवा झिरपणं बंद होतं. उन्हात झटका, मऊ ब्रशनं आतून झाडा. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, होज मोकळी टांगा, गुंडाळीत ठेवली की वळणावर चिरते.

आणि एक विनंती. युरेका फोर्ब्सनं 1982 पासून घरोघरी विकलेली युरोक्लीन यंत्रं अजून नाशिकच्या कित्येक माळ्यांवर आहेत. परदेशी यंत्राला किंमत येते, ही भंगारात किलोच्या भावानं जातात, आणि म्हणूनच आधी हीच जपायला हवीत. नेमप्लेट आणि सोबतच्या सगळ्या जोडण्या (नळी, ब्रश वगैरे) एकत्र असल्या तर त्याच नंबरची दोन आणा, एक नको. मोटर, पिशवीचा चिमटा, चाकाची कडी यांत कुठेतरी फरक सापडतोच, आणि तो वहीत वर्षासकट लिहून ठेवा.