दारात बसणारं पाण्याचं कोर्ट

गुरुवार, रात्र

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाहून आल्यापासून भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, "काकू, तिकडं काय काय पाह्यलं?" मी समुद्र सांगते, चर्च सांगते, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लावलेली कडू संत्र्याची झाडं सांगते. ती फळं तोडून कोणी खात नाही, झाडं नुसती शोभेची. संत्र्यावर घर चालवणाऱ्या बाईला ते बघवत नाही. पण जे खरं सांगायचं आहे ते ओट्यावर बसून पुरं होत नाही, म्हणून लिहिते.

लग्न होऊन वरूड तालुक्यात आले तेव्हापासून मला कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. बगीचा व्यापाऱ्याला द्यायचा तर भाव हे ठरवणार. बँकेत दीर जाणार. मी राबले, डिंक्या रोग लागलेल्या खोडांना बोर्डो पेस्ट लावली, आंबिया बहारासाठी झाडाचं तोडलेलं पाणी पुन्हा कधी सोडायचं ते मला पान पाहून कळतं. पण चार माणसांत उभं राहून बोलायची वेळ आली नाही. कुणी अडवलं असंही नाही. घरात बोलणारे होते, मी ऐकणारी होते, आणि त्यात काही उणं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

लेक तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. ती सकाळी गेली की घरात मी एकटी. एका गुरुवारी निघताना म्हणाली, "आई, बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी ये. तुझ्या कामाचं काहीतरी दाखवते." आणि गेली. परक्या गावात, भाषेचा एक शब्द येत नसताना, मी एकटी बाहेर पडले. चौकात एका म्हातारीला मोबाइलवरचा त्या चर्चचा फोटो दाखवला. तिनं माझा हात धरला आणि दारापर्यंत आणून सोडलं. तिथं मी कुणाची सून नव्हते, कुणाची वहिनी नव्हते. मला जायचं होतं, म्हणून मी विचारलं, आणि पोचले. छातीत धडधडत होतं आणि फार बरंही वाटत होतं.

त्या दाराबाहेर दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचं कोर्ट बसतं. तूरिया नदीचे आठ कालवे शहराभोवतीच्या शेतांना पाणी देतात. प्रत्येक कालव्याचे शेतकरी आपल्यातूनच एक जण निवडतात. काळे झगे घालून ते आठ जण खुर्च्यांवर येऊन बसले. पुकारा करणाऱ्यानं एकेका कालव्याचं नाव घेऊन विचारलं, कुणाविरुद्ध तक्रार आहे का? वकील नाही, कागदांचे गठ्ठे नाहीत. ज्याची तक्रार आहे त्यानं आणि ज्याच्यावर आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलायचं. ज्या कालव्याचं भांडण, त्याचा पंच निकालात भाग घेत नाही. निकाल लागला की वर अपील नाही. ही रीत हजारेक वर्षांची मानतात. २००९ मध्ये युनेस्कोनं तिला वारसा यादीत घेतलं. त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. काही मिनिटांत सगळे उठले. पर्यटकांना वाटलं, काही झालंच नाही. मला वाटलं, खरं काम तर होऊन गेलं आहे. गुरुवारी सगळ्या गावादेखत बसावं लागेल हे माहीत असलं, की माणसं बुधवारपर्यंत बांधावरच मिटवून घेत असतील.

मला माझ्या माहेरचा पाणकर आठवला. आमच्या भंडाऱ्याकडं मालगुजारी तलावाचं पाणी कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आधी सोडायचं हे तो ठरवायचा. लहानपणी त्याच्यामागं मी धानातून फिरले आहे. म्हणजे हे मला परकं नव्हतंच. पण सासरी येऊन बोअरचं ओलित पाहता पाहता मी ते विसरून गेले, आणि आठवायला मला स्पेनपर्यंत जावं लागलं.

(आणखी एक. तिथं 'ओर्चाता' नावाचं दुधासारखं पेय पितात. ते चुफाच्या गाठींपासून करतात, आणि चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच भाऊबंद. ज्या तणाशी आपण जन्मभर खुरप्यानं झगडतो, त्याच्या जातीचं तिथं पीक घेतात. यांना सांगितलं तर विश्वास बसेना.)

आमच्या तालुक्यात जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी आम्ही उपसतो. पाणी खाली गेलं की बोअर आणखी खोल. शेजाऱ्याचा आटला की हळहळतो, पण तुझी मोटर किती तास चालते हे कोणी कोणाला विचारत नाही. १ मेच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि विचारलं, पिण्याच्या पाण्याच्या सरकारी विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही असा कायदा आहे, मग आपल्या गावात त्या अंतरात किती बोअर झाले? एक जण म्हणाला, "वैनी, तुमाले कायले पायजे बोअरचं?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात हंडा मीच भरतो ना भाऊ." मागून दोन बायका उभ्या राहिल्या. यादी करायचं ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. एवढंच झालं, पण झालं.

दीर शेताच्या धुऱ्याजवळ आणखी एक बोअर घेणार आहेत. रविवारी मशीन येतं. ती जागा त्या ५०० मीटरच्या आतली आहे, मी पावलांनी मोजून आले. हे म्हणाले, मी बोलतो त्याच्याशी. मी म्हटलं, नाही, तुम्ही बसा सोबत, बोलते मी. उद्या सकाळी चहाला बोलावलं आहे.