मॅच वाचताना

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघतेस का असं कुणी विचारलं की मी बिनधास्त हो म्हणते, पण खरं सांगायचं तर त्यातलं निम्म्याहून जास्त मी वाचलेलं असतं. म्हणजे मॅच चालू असते तेव्हा मी कुठेतरी भलत्याच कामात, हातात फोन आणि फोनवर प्ले-बाय-प्ले, ज्यात प्रत्येक शॉट, प्रत्येक रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), प्रत्येक फाऊल एकेका ओळीत येत राहतो. अमक्याचा २६ फुटांवरून थ्री (म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट), चुकला. तमक्याचा रिबाउंड. फाऊल. टाइमआउट. रेल्वेच्या टाइमटेबलमध्येसुद्धा याच्यापेक्षा जास्त भावना असतील, पण या असल्या ओळींनी माझा जीव जेवढा टांगणीला लावलाय तेवढा भल्याभल्या थ्रिलरनी लावला नाही.

त्यात शेवटची दोन मिनिटं हा तर वेगळाच प्रकार. घड्याळात दोन मिनिटं असतात, पण हरणारी टीम घड्याळ थांबवायला मुद्दाम फाऊल करते, मग फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे एकेका पॉइंटचे मोकळे शॉट), मग टाइमआउट, मग रेफरी रिप्ले बघायला जातात, असं करत करत आरामात पंधरा वीस मिनिटं जातात. टीव्हीसमोर बसलेल्यांना निदान कोचचं तोंड तरी दिसतं, आम्हाला दिसतो फक्त १:०४ हा आकडा, जो हलतच नाही, आणि कळत नाही की टाइमआउट चालू आहे का आपलं नेट गेलंय.

मी इंडियाना पेसर्स या टीमची. का ते विचारू नका, त्यांच्या रेजी मिलरची ती १९९५ ची क्लिप आहे ना, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नऊ सेकंदांच्या आत आठ पॉइंट, ती बघितली आणि कायमची अडकले. तर २०२५ ची फायनल (ही सात मॅचपर्यंत चालणारी मालिका असते), ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध, पहिलीच मॅच. चौथ्या क्वार्टरमध्ये पेसर्स १५ ने मागे. ॲपमध्ये कोण जिंकणार याचा टक्क्यांचा एक ग्राफ असतो, तो थंडरच्या बाजूला पार छताला चिकटलेला. म्हटलं मरू दे, फोन पालथा टाकला आणि अर्थातच लगेच परत उचलला, कारण हरताना न बघण्याइतकी अक्कल असती तर पेसर्सची फॅन झालेच नसते. फरक कमी होत होत ११०-१०९ वर आला. थंडरच्या शाय गिलजस-अलेक्झांडरचा शॉट चुकला. रिबाउंड. आणि मग काहीच नाही. आता टाइमआउटची ओळ यायला हवी होती, अशा वेळी बहुतेक कोच टाइमआउट घेतात, पण ती येईना (आमचा कोच रिक कार्लाइल याने घेतलाच नव्हता हे मागाहून कळलं), मी आपली स्क्रीन खाली ओढतेय, सोडतेय, ओढतेय, सोडतेय, आणि एकदम टपकली: टायरीस हॅलिबर्टन, २१ फुटांवरून जम्प शॉट, आत, ०.३ सेकंद बाकी, १११-११०. अख्ख्या मॅचमध्ये पेसर्स पहिल्यांदा पुढे गेले ते तेव्हा. ४८ मिनिटांच्या मॅचमध्ये ०.३ सेकंद आघाडी, आणि मॅच खिशात.

यावर लोक म्हणतात की मग लाइव्ह व्हिडिओच का नाही बघत. बघते की. पण ऑनलाइन व्हिडिओ बऱ्याचदा खऱ्या मॅचच्या मागे असतो, त्यामुळे इकडे माझा प्लेयर अजून बॉल टपटपवतोय आणि तिकडे ग्रुपवर कुणीतरी नुसतेच दहा उद्गारचिन्ह टाकलेले असतात, झालं, संपली गंमत. नंतर रेकॉर्डिंग बघायचं तर स्कोअर लपवायचं सेटिंग असतं, ते मी इमानदारीत चालू ठेवते, पण व्हिडिओची लांबी बघूनच कळतं की ओव्हरटाइम झालाय. आणि मॅच नसतानाही सुटका नाहीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनबीएच्या बातम्या देणारा पत्रकार शॅम्स चरानिया याची पोस्ट आली की डॅलसच्या टीमने आपला स्टार लुका डॉन्चिच लेकर्स टीमला देऊन टाकला, तोच लुका ज्याने आदल्याच सीझनला त्यांना फायनलला नेलं होतं, तर निम्म्या जगाला वाटलं याचं अकाउंटच हॅक झालंय, शेवटी त्याला हे खरं आहे म्हणून परत लिहावं लागलं. बातम्यांपेक्षा आमचा हॅकर्सवर जास्त विश्वास.

नुसते आकडे वाचून काय मजा येते म्हणणाऱ्यांना मी विल्ट चेंबरलेनचं उदाहरण देते. २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया, एका मॅचमध्ये एकट्याचे १०० पॉइंट. याचा व्हिडिओच नाही. चौथ्या क्वार्टरची रेडिओ कॉमेंट्री आहे, १०० लिहिलेला कागद हातात धरलेला एक फोटो आहे, आणि आहे तो बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता: ६३ शॉटपैकी ३६ आत, फ्री थ्रो ३२ पैकी २८. आता विल्ट एरवी फ्री थ्रोमध्ये किती कच्चा होता हे माहीत असेल तर त्या २८ वर नजर अडतेच, आणि थ्री पॉइंट लाइन एनबीएत आली १९७९ मध्ये, म्हणजे शंभरच्या शंभर दोन दोन आणि एकेक करून गोळा केलेले. एवढं सगळं एका ओळीत. या खेळातला सगळ्यात मोठा पराक्रम जगाने माझ्यासारखा वाचलेलाच आहे.

पण त्याच ओळी कधीकधी फार खोटारड्या वागतात. त्याच फायनलची सातवी मॅच, पहिला क्वार्टर, हॅलिबर्टनचे तीन थ्री, नऊ पॉइंट, मी हवेत. मग टाइमआउट. मग सबस्टिट्यूशन, त्याच्या नावाच्या जागी दुसरं नाव. मला वाटलं दम खायला बसवला असेल, मस्तपैकी बाकीच्यांचे फाऊल मोजत बसले, आणि तिकडे तो टाचेमागचा अकिलिस टेंडन फाटून जमिनीवर पडला होता, हात आपटत होता. हे ओळीत कुठेच नव्हतं. पेसर्स हरले, १०३-९१, आणि त्याचा पुढचा अख्खा सीझन गेला. त्या रात्रीचा प्ले-बाय-प्ले आज उघडला तरी तिथे साधं सबस्टिट्यूशनच दिसेल. तो पडतानाची क्लिप मात्र मी एकदाच बघितली.

असो. अजून एक वाचायची गोष्ट राहिली, लास्ट टू मिनिट रिपोर्ट. २०१५ पासून लीग हा काढते, अटीतटीच्या मॅचमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत रेफरींचे कुठले कॉल बरोबर, कुठले चूक, याची दुसऱ्या दिवशी जाहीर कबुली. निकाल काही बदलत नाही, निव्वळ बैल गेला आणि झोपा केला. तरी मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आमच्यावर अन्याय झालेला सापडला की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकते, लाल गोल करून, आणि आम्हाला फुकटात मिळालेला कॉल सापडला तर त्या दिवशी मला ग्रुपवर यायला अजिबात वेळ नसतो.