नवेगावबांधची तिसरी खेप : कमळपक्ष्याची शेपटी

आठवीच्या पोरांना घेऊन गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तळ्यावर पक्षी पाहायला जायची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही हिवाळ्यांत पोरं पाळीवर धावली, बदकं उडाली आणि वह्या कोऱ्या राहिल्या. यंदा पाच-पाच जणांचे गट केले, गटाला एक दुर्बीण दिली, आणि पाहायचं ते बसूनच असं ठरवलं. फरक लगेच दिसला. गाडी मात्र तासभर उशिरा आली. ऊन पाण्यावर चढलं होतं, दूरची बदकं नुसती काळी दिसत होती. पुढच्या वेळी आदल्या रात्री मुक्कामालाच जायचं.

जवळ जे होतं ते पोटभर पाहिलं. वारकरी पक्षी सगळ्यांनी झटक्यात ओळखला. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. हळदीकुंकू बदकाचंही तसंच, चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू.

अडलं ते कमळपक्ष्यापाशी. मी नाव सांगितलं तर एका मुलीने पक्ष्यांच्या चित्रांचा तक्ता पुढे केला. "नाही जी सर, याले शेपटी कुठं आहे?" तक्त्यावर लांब, वाकलेली काळी शेपटी, समोर आखूड शेपटीचा तपकिरी-पांढरा पक्षी. ती शेपटी विणीच्या दिवसांतली, पावसाळ्यातली. हिवाळ्यात ती नसते. मला हे ठाऊक होतं, तरी दोन वर्षं मी तोच तक्ता पोरांच्या हाती देत आलो, याचं वाईट वाटलं. तक्ते पिशवीत टाकले. म्हटलं, दिसतं तेवढंच काढा. त्या मुलीने आधी बोटंच काढली, पायाच्या मानाने केवढी तरी लांब. तो पाऊल टाकी तसं कमळाचं पान थोडं दबे, कडेने पाणी आत येई, पण पान बुडत नसे. अंगाचा भार बोटांवर पसरतो, हे तिला चित्र काढतानाच कळलं. अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नर करतो, हे सांगितल्यावर पोरी खूश!

दुपारी झाडाखाली 'नवेगावबांधचे दिवस'मधली काही पानं वाचली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच तळ्याकाठी राहिले, इथल्या माधवराव पाटलांकडून आणि रानातल्या माणसांकडून शिकले. बगळ्यांच्या वीणवसाहतीला 'सारंगागार' हा त्यांचा शब्द पोरांनी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला. १८ जून २०२५ ला ते गेले; त्यानंतरची ही आमची पहिली सहल, म्हणून वाचन ठेवलंच होतं. मग अठराव्या शतकात हा बांध घालणाऱ्या कोलू पाटील कोहळीची गोष्ट निघाली. त्याचाच पुढे कोलासूर देव झाला, आणि बांधाच्या कामाला भोवतालच्या सात बहिणी, म्हणजे या टेकड्या, धावून आल्या. ही गोष्ट पोरांनीच मला सांगितली, घरी ऐकलेली.

यंदाच्या नोंदी : पोरांनी लिहिलेले पक्षी १४, त्यांतले बरोबर ९. पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, दिसले नाहीत, सारसही नाही.

पुढची खेप ऑगस्टमध्ये, चिखल असला तरी. त्या मुलीने कमळपक्ष्याच्या मागे अर्धं पान कोरं सोडलं आहे. शेपटीसाठी.