जिम्नी उंच केली आणि पुन्हा खाली आणली

गेल्या दोन वर्षांत माझ्या जिम्नीच्या, म्हणजे मारुतीच्या छोट्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या, पोटाखाली जे जे लागले आणि त्यातले जे जे पुन्हा निघाले, त्याची नोंद एकदा नीट लिहून ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते. निमित्त असे झाले की, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या चार लांब स्प्रिंगा सौभाग्यवतींच्या हाती लागल्या आणि त्यांनी "ह्या कितीला घेतल्या होत्या?" एवढेच विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. ते येथे सविस्तर देतो, फक्त रुपये वगळून.

घाटवाटेने गाडी पळवणे आणि दगडांवरून गाडी सरकवणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला रॉक क्रॉलिंग म्हणतात आणि त्यात वेग हा गुण नसून दोष असतो. शेजारून एखादा माणूस रमतगमत चालला, तर तो गाडीच्या पुढे निघून जाईल, इतक्या संथपणे एकेक चाक एकेका दगडावर ठेवत जायचे असते. माझी जागा म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर असलेली, एका परिचितांची बंद पडलेली दगडाची खाण. त्यांची परवानगी आहे, आसपास कोणाचे पीक नाही, आणि सुरुंगाने फुटलेल्या काळ्या पाषाणाचे गुडघ्याएवढे तुकडे सर्वत्र पडलेले आहेत. मसाई पठारावर किंवा पश्चिमेकडच्या कोणत्याही सड्यावर गाडी का घालत नाही, असे मला विचारले जाते. जांभ्याच्या कातळावर जी बोटभर माती असते आणि पावसाळ्यानंतर जिच्यावर फुले येतात, ती चाकाखाली उखडली की सहजासहजी परत येत नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटते. शिवाय कोरडा जांभा हा तसा सोपा दगड आहे, कारण त्याच्या खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागाला टायर घट्ट धरतो. खरी कसोटी काळ्या पाषाणावर लागते: कडा सुरीसारख्या, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि सकाळचे दव पडलेले असेल तर मग विचारायलाच नको.

पाच दारांची जिम्नी भारतात जून २०२३ मध्ये विक्रीला आली. लांबी ३,९८५ मिमी, वजन साधारण बाराशे किलो आणि १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन, एवढे पाहिले तर ती शहरातली लहान गाडी वाटते. पण तिच्याखाली शिडीसारखी चासी, पुढे-मागे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अखंड आस), चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा आणि लो रेंजचा ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी आणि वेग कमी करून जोर वाढवणारी जास्तीची गिअरपेटी आहे. ज्याने पाट्यांवरची जुनी जिप्सी चालवली आहे, त्याला स्प्रिंगा ही चैनच वाटेल. मूळ गाडीचे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, २१० मिमी, पुढचा चढाईचा कोन ३६ अंश आणि पोटाखालचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला कोन २४ अंश आहे. अडचण या शेवटच्या आकड्यात आहे. परदेशात मिळणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २,२५० मिमी, तर आपल्याकडच्या गाडीचा २,५९०. म्हणजे मागची दोन दारे मिळाली आणि त्या बदल्यात ३४० मिमी लांबीचे पोट दगडावर टेकण्यासाठी मिळाले.

गाडी किती सावकाश सरकू शकते, हे गिअरांच्या गुणाकारावर ठरते. माझ्या मॅन्युअल गाडीत पहिला गिअर ४.४२५, लो रेंज २.००२ आणि ॲक्सलमधले गुणोत्तर ४.०९; तिन्हींचा गुणाकार ३६ च्या किंचित वर जातो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते गुरगुरत असताना चाक मिनिटाला सुमारे २२ वेळा फिरते, आणि मूळ १९५/८० आर १५ टायरचा घेर धरला तर ताशी तीन किलोमीटरपेक्षा थोडा कमी वेग येतो. क्लच पूर्ण सोडलेला, ॲक्सिलरेटरला पाय नाही आणि गाडी आपोआप दगडावर चढते आहे, हा अनुभव पहिल्यांदा घेतला तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो. तेथेच थांबलो असतो, तर माळ्यावरची जागा वाचली असती.

मी थांबलो नाही. तिसऱ्या की चौथ्या फेरीत पोट एका दगडावर असे टेकले की चारही चाके हवालदिल झाली, आणि त्याच आठवड्यात मी दोन इंच उंच करणाऱ्या स्प्रिंगा, लांब शॉक ॲब्सॉर्बर आणि २३५/७५ आर १५ मापाचे टायर मागवले. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी गाडी नेतो, त्यांनी खोके उघडण्यापूर्वीच मला सांगितले होते, "साहेब, गाडी उंच केलीसा तरी हौसिंग हाय तितंच ऱ्हाणार की! त्ये चाकाच्या मदोमद असतंय." वाक्य साधे होते आणि शंभर टक्के खरे होते. सलग ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा) फुगवटा, मिस्त्रींचे हौसिंग, आणि तो ॲक्सलचाच भाग असल्यामुळे स्प्रिंग कितीही लांब घातली तरी जमिनीपासून त्याचे अंतर बदलत नाही. ते बदलते फक्त टायरच्या व्यासाने. मूळ टायरचा व्यास ६९३ मिमी, नव्याचा साधारण ७३३. म्हणजे व्यास ४० मिमीने वाढला आणि डिफरन्शियल २० मिमीने वर आले. एवढ्या खटाटोपाचे त्या ठिकाणचे उत्पन्न दोन सेंटिमीटर. पोटाखालचा कोन काही अंशांनी सुधारला, हे मान्य करतो. पण मोठ्या टायरमुळे ३६ चे गुणोत्तर प्रत्यक्षात ३४ च्या आसपास आले, म्हणजे सावकाश सरकण्याची जी ताकद गाडीत मुळात होती, तीच मी पैसे देऊन कमी केली.

बाकीची किंमत रस्त्यावर कळली. जिम्नीचा पुढचा ॲक्सल पुढे गेलेल्या दोन आर्म्सवर (दांड्यांवर) आणि त्याला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडवर धरलेला असतो. गाडी वर उचलली की आर्म्सचा कल बदलतो, त्याबरोबर ॲक्सल किंचित फिरतो आणि स्टिअरिंगला सरळ ठेवणारा कॅस्टरचा कोन कमी होतो. पॅनहार्ड रॉड तितक्याच लांबीचा राहिल्याने ॲक्सल बाजूलाही सरकतो. यावर उपाय असतात: कॅस्टर दुरुस्त करणारे बुश, लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड, ब्रेकच्या तेलाच्या लांब नळ्या, खाली वाढवलेले बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून असलेले ठोकळे). मी घाईत यातले निम्मेच केले होते. महामार्गावरून कागलकडे जाताना पुलाच्या जोडावर एक हादरा बसला आणि ताशी सत्तर-पंचाहत्तरच्या वेगात स्टिअरिंग असे थरथरू लागले की दोन्ही हातांनी धरूनही ते आवरेना. गाडी जवळजवळ थांबल्यावरच थरथर गेली. जड टायरांचे बॅलन्सिंग पुन्हा केले, पुढचे चाक ज्याच्यावर वळते त्या किंगपिनच्या बेअरिंगचा ताण पाहिला, कॅस्टरचे बुश घातले, आणि थरथर बरीचशी गेलीही. परंतु त्या दिवशी मागच्या आसनावर आई बसलेली होती, ही गोष्ट मनातून गेली नाही.

त्यात कायद्याचा मुद्दा आहे आणि तो मी आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब अधिक ठामपणे स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पुढे लावायच्या लोखंडी गार्डविषयी तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले होते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर कसा अंगाशी येऊ शकतो, हे वेगळे सांगायला नको. ज्यांना खरोखर मोठे बदल करायचे आहेत, ते स्पर्धेची गाडी वेगळी ठेवतात आणि ट्रेलरवरून नेतात. माझ्याकडे गाडी एक आणि ट्रेलर शून्य, तेव्हा स्प्रिंगा निघाल्या, मूळच्या बसल्या आणि टायरही मूळ मापाचेच, फक्त जाड बाजूच्या भिंतीचे आणि खोल नक्षीचे घेतले.

यानंतर जे केले, ते मला आधीच करायला हवे होते. गाडी दगडाला लागणारच आहे, हे एकदा मान्य केले की प्रश्न बदलतो: ती कोठे लागेल आणि लागल्यावर काय होईल? पाच दारांच्या जिम्नीत पहिला मार ट्रान्सफर केसच्या भागाला आणि दारांखालच्या पट्टीला बसतो. कोल्हापुरात एक मोठी सोय अशी की, लोखंडाचे काम समजणारा माणूस शोधावा लागत नाही. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा साचा कापून ट्रान्सफर केसखाली ४ मिमी पोलादी पत्रा बसवला. मी ॲल्युमिनियमचा आग्रह धरला होता, कारण पोलाद चौरस मीटरला ३१ किलो भरते आणि ५ मिमी ॲल्युमिनियम साडेतेरा. पण पोलाद दगडावरून घसरते आणि ॲल्युमिनियम दगडाला चिकटून खरवडले जाते, हे त्यांचे म्हणणे खाणीत अक्षरशः पटले. माझा पत्रा सुमारे अर्धा चौरस मीटर आहे, म्हणजे वजन सोळा किलोच्या आत आहे. त्याला पुढच्या कडेला वरच्या बाजूने बाक दिला आहे आणि बोल्टची डोकी खोलगट भोकांत बुडवली आहेत. बाहेर राहिलेले डोके पहिल्याच दगडावर घासून जाते आणि मग ऑइल बदलताना पत्रा निघता निघत नाही. ऑइल काढण्यासाठी पत्र्याला वेगळे भोक ठेवायला आम्ही दोघेही विसरलो होतो, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

दारांखालचे स्लायडर, म्हणजे गाडी दगडावरून घसरावी म्हणून लावलेले आडवे दांडे, ४८ मिमी व्यासाच्या, ३.२ मिमी जाडीच्या पाइपाचे आहेत. ते बॉडीला नव्हे, तर चासीला पकडले पाहिजेत, कारण प्रसंगी गाडीचे निम्मे वजन त्यांच्यावर येते आणि बॉडीचा पत्रा ते सोसू शकत नाही. चासीला भोक पाडलेले नाही, वेल्डिंगही केलेले नाही. जाड पट्ट्यांच्या शिकंज्यांनी ते आवळले आहेत. एका बाजूचे वजन पंधराएक किलो. कायद्याचा अर्थ कडक लावला तर हाही बदलच ठरतो, म्हणून मी ते गाडीत मागच्या बाजूला ठेवून खाणीपर्यंत नेतो, तेथे लावतो आणि परतताना काढतो. मित्र हसतात, पण अर्ध्या तासाचे पाने फिरवणे मला मान्य आहे.

सर्वांत मोठा फरक मात्र फुकटात मिळाला. खाणीच्या तोंडाशी थांबून टायरांतली हवा १६ पौंडांपर्यंत उतरवली की टायर दगडाच्या कडेवर पसरतो, तिला मिठी मारतो आणि जमिनीला टेकलेला भाग लांब होतो. जेथे उंच केलेली गाडी टायरांत पूर्ण हवा असताना चाके भिरभिरवत उभी राहायची, तेथे मूळ उंचीची गाडी कमी हवेवर आवाज न करता वर गेली. याहून खाली मी जात नाही, कारण साध्या रिमवरून टायर सुटण्याची भीती असते. दुसरी गोष्ट पुढच्या अँटी-रोल बारची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची. त्याच्या दोन्ही लिंक सोडून बार वर बांधून ठेवला की पुढचा ॲक्सल अधिक मोकळेपणाने तिरका होतो आणि हवेत उचलले जाणारे चाक जमिनीवर राहते. रस्त्यावर येण्यापूर्वी लिंक जोडल्याच पाहिजेत. मी गाडीच्या किल्लीला लाल दोरा बांधतो आणि लिंक जोडल्याशिवाय तो सोडत नाही.

लॉकर, म्हणजे डावे-उजवे चाक एकत्र बांधून सारखेच फिरवणारी यंत्रणा, घातला का, हा पुढचा प्रश्न असतो. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, त्यामुळे एक चाक हवेत गेले की दुसऱ्यालाही फारसे काही मिळत नाही. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून पीळ दुसरीकडे पाठवण्याची इलेक्ट्रॉनिक सोय आहे. पण ती जागी होण्यासाठी चाक आधी थोडे फिरावे लागते आणि दगडाच्या कडेवर त्या अर्ध्या फेरीतच गाडी खाली सरकते. लॉकरमध्ये ही अडचण नाही. तरीही तो मी घातलेला नाही, कारण दोन्ही चाके एकत्र बांधली की सगळा भार चाकाला फिरवणाऱ्या दांड्यावर, हाफ शाफ्टवर, येतो, आणि तो तुटला तर खाणीतून घरी कसे यायचे याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्याऐवजी सोय वेळेवर जागी व्हावी म्हणून ॲक्सिलरेटर किंचित, अगदी नखभर दाबून धरायचा, एवढे शिकलो.

बाकी सारे काम पुढे उभ्या असलेल्या माणसाचे. माझा भाचा गाडीच्या दहा पावले पुढे उभा राहून हाताच्या खुणांनी दिशा देतो आणि "मामा, डावं घ्या, अजून, थांबा" याव्यतिरिक्त एक शब्दही बोलत नाही. पहिला धडा त्यानेच दिला: मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर ठेवायचे. दगड मध्ये घेतला की डिफरन्शियल त्याच्यावर जाते; चाक त्याच्यावर ठेवले की डिफरन्शियलच वर उचलले जाते. दोन इंचांसाठी मी जे केले, ते हा मुलगा हाताच्या एका खुणेने करतो.

ज्या दगडावर पोट टेकले होते, त्यावरून गेल्या महिन्यात गाडी मूळ उंचीवर पार झाली, पत्र्यावर दोन लांब ओरखडे घेऊन. माळ्यावरच्या स्प्रिंगा आता मिस्त्रींनी मागितल्या आहेत. स्प्रिंगेच्या पोलादाच्या छिन्न्या उत्तम होतात, त्यांना पाणीही चांगले चढते, आणि त्यांतली एक ते मला देणार आहेत. सौभाग्यवतींना सांगायच्या रकमेतून त्या छिन्नीचे किती वजा करायचे, ते अजून ठरलेले नाही.